‘समज देऊन सोडलं’ म्हणजे इंग्रजीत नेमकं काय?

अमेरिकेच्या व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरताना एक प्रश्न येतो: तुम्हाला कधी अटक झाली आहे का, किंवा एखाद्या गुन्ह्यात तुम्ही दोषी ठरला आहात का? आपल्यापैकी बहुतेक जण फारसा विचार न करता ‘नाही’वर क्लिक करतात आणि पुढे जातात. पण समजा, लंडनमध्ये शिकणाऱ्या तुमच्या एका मित्राला पबबाहेरच्या धक्काबुक्कीनंतर पोलिसांनी अटक करून रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी सोडलं. घरी फोनवर तो म्हणाला, “काही नाही गं आई, समज देऊन सोडलं.” आता त्यानं फॉर्मवर काय लिहायचं?

उत्तर असं: अटक झाली होती, म्हणजे ‘हो’ लिहावं लागणार, पुढे खटला झाला असो वा नसो. आणि ‘समज देऊन सोडलं’ याचा अर्थ त्याच्या बाबतीत नेमका काय होता, हे त्याच्या हातात दिलेल्या कागदावरच्या एका इंग्रजी शब्दावर ठरणार.

गंमत अशी, की हे सगळे शब्द आपल्याला माहीत असतात. अरेस्ट, चार्ज, बेल, गिल्टी. नेटफ्लिक्सच्या कृपेनं तर पाठच असतात. पण ओळखीचा शब्द आणि कळलेला शब्द यांत अंतर असतं, आणि पोलीस ठाण्यात ते अंतर महागात पडू शकतं. मी वकील नाही, भाषेचा अभ्यास करते. त्यामुळे इथे जे आहे ते शब्दांबद्दल, आणि मुख्यतः इंग्लंड-वेल्सबद्दल. अमेरिकेत आणि भारतात वेगळं असेल तिथे तसं सांगेन. खरी वेळ आली तर मात्र वकिलालाच विचारा.

एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: या क्षेत्रातला प्रत्येक शब्द कोणाच्या तरी मालकीचा आहे. काही शब्द पोलिसांचे, काही सरकारी वकिलांचे, काही फक्त न्यायालयाचे. त्यामुळे शब्द ऐकला की ‘याला मराठीत काय म्हणतात?’ याआधी विचारायचं, ‘हे कोण म्हणतंय, आणि आता काय बदललं?’

पायऱ्या

मराठी बातमीत माणूस पकडला गेला की त्याच संध्याकाळी तो ‘आरोपी’ होतो. इंग्रजीत त्याच माणसाला पायरीप्रमाणे नावं बदलत जातात. पोलिसांना नुसता संशय आहे तोवर तो ‘सस्पेक्ट’, म्हणजे संशयित. त्याच्यावर रीतसर आरोप ठेवला, म्हणजे ‘चार्ज’ केलं, की तो ‘डिफेंडंट’. न्यायालयानं दोषी ठरवलं, म्हणजे ‘कन्व्हिक्ट’ केलं, तरच तो ‘ऑफेंडर’, गुन्हेगार. पहिला शब्द पोलिसांचा. दुसरा आरोप ठेवणाऱ्याचा, आणि गंभीर गुन्ह्यांत हा निर्णय बहुतेक वेळा सरकारी वकिलांची स्वतंत्र यंत्रणा घेते. इंग्लंडमध्ये ही यंत्रणा 1986 पासून आहे. तिसरा शब्द वापरायचा हक्क फक्त न्यायालयाला.

यातला ‘चार्ज’ भारतातून आलेल्या माणसाला हमखास गोंधळात टाकतो. भारतात अटक आधी होते, आरोपपत्र नंतर येतं, आणि या दोन्हींमध्ये बरेच दिवस जाऊ शकतात. अटकेतल्या माणसाचं आरोपपत्र गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणे 60 किंवा 90 दिवसांत दाखल झालं नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. इंग्लंडमध्ये घड्याळ फार वेगानं फिरतं. चार्ज न करता पोलीस साधारणपणे 24 तासच ठेवून घेऊ शकतात. गंभीर गुन्ह्यात ही मुदत वाढते, पण न्यायालयाची परवानगी घेऊनही 96 तासांच्या पुढे जात नाही. दहशतवादाचे कायदे तेवढे वेगळे. त्यामुळे ‘अजून चार्ज केलेलं नाही’ हे वाक्य पुण्यात आणि बर्मिंगहॅममध्ये सारख्या वजनाचं नाही.

कॉशन: एक शब्द, दोन अर्थ

आता आपल्या मित्राकडे येऊ. इंग्लंडमध्ये ‘कॉशन’ या एका शब्दाला पोलिसांच्या भाषेत दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही जपून घ्यायचे आहेत.

पहिला अर्थ म्हणजे अटकेच्या वेळी किंवा चौकशीआधी बोलून दाखवली जाणारी सूचना. मराठीत तिचा सारांश असा: तुम्ही काही बोलायलाच हवं असं नाही. पण पुढे न्यायालयात ज्या गोष्टीचा आधार घ्याल ती आत्ता विचारल्यावर सांगितली नाहीत, तर तुमच्या बचावाला बाधा येऊ शकते. आणि जे बोलाल ते पुरावा म्हणून वापरलं जाऊ शकतं.

मधलं वाक्य पुन्हा वाचा. अमेरिकन मालिकांमधून आपल्या कानावर जे पडतं ते 1966 च्या मिरांडा निकालातून आलेलं, आणि त्यात हे वाक्य नाही. अमेरिकेत अशी सूचना मिळाल्यावर गप्प राहिलात, तर ते गप्प राहणं साधारणपणे खटल्यात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. इंग्लंडमध्ये 1994 च्या कायद्यानं हे बदललं. नुसत्या मौनावर कोणाला दोषी ठरवता येत नाही, पण मौनातून काय अर्थ काढायचा हे न्यायालय ठरवू शकतं. म्हणजे मँचेस्टरमध्ये पकडलेला मराठी मुलगा लॉस एंजेलिसमधला हक्क बजावायला जातो आणि त्याला वाटतं, आपण हुशारी केली. अशा वेळी खरी हुशारी एकाच वाक्यात आहे: “मला आधी सॉलिसिटरशी बोलायचं आहे.” पोलीस ठाण्यातला हा कायदेशीर सल्ला मोफत असतो, तुमचा पगार कितीही असो.

दुसरा अर्थ त्याहून फसवा. किरकोळ गुन्ह्यात प्रकरण न्यायालयात न नेता पोलीस ‘कॉशन’ देऊन ते मिटवू शकतात. ऐकायला हे अगदी आपल्या ‘समज देऊन सोडलं’ सारखं वाटतं. पण समज देण्यात कबुली नसते. हवालदार चार शब्द सुनावतो आणि विषय संपतो. कॉशन मात्र तेव्हाच मिळतं, जेव्हा तुम्ही गुन्हा केल्याचं मान्य करता आणि कॉशन घ्यायलाही तयार होता. ते न्यायालयानं दोषी ठरवणं नव्हे, पण त्याची नोंद राहते. शाळा, हॉस्पिटल अशा ठिकाणच्या नोकरीआधी जी तपासणी होते तिच्यात ते दिसू शकतं. पहाटे चार वाजता, दमलेल्या माणसाला ‘सही करा आणि घरी जा’ असं वाटणं स्वाभाविक आहे. म्हणूनच सही करण्याआधी विचारायचं: “यात मी गुन्हा कबूल करतोय का?”

याला जोडून ‘स्टेटमेंट’, म्हणजे जबाब. भारतात पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हे तत्त्व जुन्या पुरावा कायद्यात होतं आणि 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. “पोलिसांसमोर काही का म्हणेना, कोर्टात फिरवता येतं” ही आपल्याकडची समजूत तिथूनच आलेली. इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत ही समजूत घेऊन फिरू नका. इंग्लंडमध्ये ठाण्यातली चौकशी रेकॉर्ड होते, आणि त्यात जे बोललात ते न्यायालयात पुरावा म्हणून ठेवलं जाऊ शकतं.

चोरी, घरफोडी, दरोडा

गुन्ह्यांच्या नावांत मराठी आपल्याला मदतही करते आणि अडचणीतही आणते. इंग्रजी बोलताना आपण सर्रास म्हणतो, “आमचं घर रॉब झालं.” इंग्लंडच्या 1968 च्या चोरीच्या कायद्यात तीन वेगळे शब्द आहेत.

‘थेफ्ट’ म्हणजे चोरी: दुसऱ्याची वस्तू, परत न देण्याच्या हेतूनं, अप्रामाणिकपणे घेणं. ‘रॉबरी’ म्हणजे चोरी करण्यासाठी बळ वापरणं किंवा त्याची भीती घालणं. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, जबरी चोरी. आणि ‘बर्गलरी’ ही साधारण आपली घरफोडी. पण तिच्यात एक मेख आहे: काहीच चोरीला गेलं नाही तरी बर्गलरी होऊ शकते. चोरीच्या इराद्यानं परवानगीशिवाय इमारतीत शिरणं एवढंही पुरतं. कुलूप फोडायचीही गरज नाही, उघड्या खिडकीतून आत आला तरी चालतं.

फरक शिक्षेत दिसतो. इंग्लंडमध्ये थेफ्टला जास्तीत जास्त 7 वर्षं, घरातल्या बर्गलरीला 14, आणि रॉबरीला जन्मठेपेपर्यंत. कोणी तुमच्या खिशातून हळूच फोन काढला तर ती चोरी. धक्का देऊन हिसकावला तर ती रॉबरी होऊ शकते. म्हणून पोलिसांना सांगताना शब्दापेक्षा घटना सांगा: त्यानं हात लावला का, ढकललं का, धमकी दिली का. नाव द्यायचं काम त्यांचं.

आणि ‘दरोडा’? वर्तमानपत्रांतून आपण तो कुठेही वापरतो, पण भारतीय कायद्यात त्याला आकडा आहे: पाच किंवा जास्त माणसं. चार जणांनी मिळून केली तर ती जबरी चोरीच. इंग्लंडच्या कायद्यात हा आकडा नाही, त्यामुळे दरोड्याला तिकडे वेगळं नावही नाही.

अशीच जोडी ‘असॉल्ट’ आणि ‘बॅटरी’ची. आपण दोन्हीला मारहाण म्हणून टाकतो. पण मूळ कायद्यात असॉल्टमध्ये हात लागावाच लागत नाही. आता आपल्याला मार बसणार असं समोरच्याला वाटायला लावलं की पुरे. प्रत्यक्ष हात लागला की बॅटरी. म्हणून “मी तर त्याला हातही लावला नाही” हे नेहमीच बचावाचं वाक्य ठरत नाही.

तसाच ‘होमिसाइड’. मालिकांमुळे आपण तो खून समजतो. खरं तर त्याचा अर्थ एका माणसाच्या हातून दुसऱ्याचा मृत्यू, एवढाच. तो खून असेल, सदोष मनुष्यवध असेल, किंवा स्वसंरक्षणात घडलेलं, गुन्हा नसलेलं कृत्यही असेल. ‘मर्डर’ हा मात्र निकाल लागेपर्यंत जपून वापरायचा शब्द.

“मी केस मागे घेते”

मराठीत आपण सगळ्यावर ‘केस टाकतो’. घरमालकावर, माजी नवऱ्यावर, चोरावर. इंग्रजीत इथे दोन रस्ते आहेत. दिवाणी प्रकरणात तुम्ही ‘स्यू’ करता, आणि हरणारा ‘लाएबल’ ठरतो, ‘गिल्टी’ नाही. फौजदारीत ‘प्रॉसिक्यूट’ केलं जातं, आणि ते सहसा सरकार करतं. (या शब्दातलं ‘प्रॉ’ घाईत ‘पर्’ झालं तर ‘पर्सिक्यूट’ होतं, म्हणजे छळ करणं. खटला आणि छळ यांत अंतर आहे, निदान असावं.)

हे कळणं घरगुती हिंसेच्या प्रकरणांत फार महत्त्वाचं आहे. नातेवाईक समजूत घालतात, “झालं ते झालं, केस मागे घे.” मालिकांमध्ये ‘प्रेस चार्जेस’ असं ऐकून आपल्यालाही वाटतं, की खटला चालवायचा की नाही हे तक्रारदाराच्या हातात असतं. इंग्लंडमध्ये तसं नाही. तक्रारदार तक्रार मागे घ्यायला निघाली तरी सरकारी वकील उरलेल्या पुराव्यावर खटला चालवू शकतात. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्या. तक्रार करताना हे माहीत असावं. आणि कोणी दबाव आणत असेल तर त्याला खरंच सांगता येतं, “हे आता माझ्या एकटीच्या हातात नाही.”

निर्दोष?

निकालाकडे येऊ. इंग्रजी ज्युरी ‘गिल्टी’ म्हणते किंवा ‘नॉट गिल्टी’. ‘इनोसंट’ कधीच म्हणत नाही. ‘नॉट गिल्टी’चा अर्थ एवढाच, की गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारी पक्षाची होती आणि ती पार पडली नाही. मराठीत आपण लिहितो ‘निर्दोष मुक्तता’, आणि त्या ‘निर्दोष’मध्ये नकळत जास्त काहीतरी येऊन बसतं. मग आपलीच बातमी ते सावरायला पुढे म्हणते, ‘संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता’. दोन शब्द एकमेकांशी भांडतायत असं वाटतं, पण कायद्याचं सगळं तत्त्व त्या भांडणात आहे. स्कॉटलंडमध्ये तर शतकानुशतकं ‘नॉट प्रूव्हन’, म्हणजे ‘सिद्ध झालं नाही’, असा तिसराच निकाल होता. तो रद्द करणारा कायदा 2025 मध्ये संमत झाला.

शिक्षेतही असा एक खड्डा आहे. ‘सस्पेंडेड सेंटेन्स’ ऐकलं की आपल्याला ‘शिक्षेला स्थगिती’ आठवते. भारतात ती बहुतेक अपील चालू असताना मिळते, म्हणजे निकाल अजून पक्का नाही. इंग्लंडमध्ये सस्पेंडेड सेंटेन्स हीच शिक्षा. माणूस दोषी ठरलेला आहे, तुरुंगवास ठरलेला आहे, फक्त अटी पाळल्या आणि नवा गुन्हा केला नाही तर प्रत्यक्ष तुरुंगात जावं लागत नाही. ‘सुटला’ असं त्याला म्हणता येणार नाही.

‘बेल’चंही तसंच. मराठीत जामीन म्हणजे सुटका, आणि जामीन म्हणजे हमी घेणारा माणूसही: “मी त्याला जामीन राहिलो.” अमेरिकेत बेल म्हटलं की बऱ्याच राज्यांत पहिल्यांदा पैसे येतात. इंग्लंडमध्ये सहसा पैसे भरावे लागत नाहीत, अटी पाळाव्या लागतात: अमुक ठिकाणी राहा, तमुक माणसाला भेटू नका. तेव्हा काका विचारतात “किती भरले?” तर खरं उत्तर “काहीच नाही” असू शकतं, आणि त्यावरून प्रकरण किरकोळ आहे असा अर्थ काढू नये.

परक्या दरबाराची भाषा

हे शब्द इतके अवघड का? एक कारण इतिहासात आहे. 1066 नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांचं राज्य आलं. कोर्ट, जज, ज्युरी, क्राइम, अरेस्ट, प्रिझन, बेल हे सगळे शब्द फ्रेंचमधून आलेले. गुन्हा सोसणाऱ्या लोकांच्या तोंडात जुने इंग्रजी शब्द राहिले: थीफ, थेफ्ट, ओथ, विटनेस. लोकांना फ्रेंच कळत नाही म्हणून कोर्टातलं बोलणं इंग्रजीत व्हावं, असा कायदा 1362 मध्ये करावा लागला. लॅटिनमधल्या नोंदी तर 1733 पर्यंत चालू होत्या.

खुद्द ‘लॉ’ हा शब्द उत्तरेकडून, व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आला. आइसलँडमध्ये कायद्याला आजही त्याच घरातला शब्द आहे. ‘रॅन्सॅक’ही तिथलाच. नॉर्समध्ये त्याचा अर्थ घराची झडती घेणं. इंग्रजीत त्याची नासधूस आणि लूट झाली, आणि आइसलँडिकमध्ये त्याच मुळापासूनचा शब्द ‘संशोधन’ या अर्थानं चालतो. आमच्यासारख्या संशोधकांनी यातून काय बोध घ्यायचा ते घ्यावा.

आपलं वेगळं काय आहे? वकील, फिर्याद, जामीन, गुन्हा, जबाब, कैद: सगळे फारसी-अरबीतून, दरबाराच्या भाषेतून आलेले. ‘साक्षीदार’मध्ये साक्षी संस्कृत आणि दार फारसी. ‘पंचनामा’ही तसाच. इंग्रजीतल्या ‘ब्रेकिंग अँड एंटरिंग’मध्ये पहिला शब्द जुना इंग्रजी, दुसरा फ्रेंच. कोर्टाची भाषा ही बहुतेक ठिकाणी आधी सत्तेची भाषा असते. ती पटकन कळली नाही तर तो तुमच्या हुशारीचा दोष नाही.

तुम्हालाही बोलावणं येऊ शकतं

हे शब्द फक्त अडचणीतल्या माणसांसाठी आहेत असं समजू नका. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलातला म्हणून, मतदार यादीत नाव घालता येतं. आणि ज्युरीची नावं त्याच यादीतून निघतात. वय 18 ते 75 मध्ये असेल आणि 13 व्या वर्षानंतर किमान 5 वर्षं ब्रिटनमध्ये राहिला असाल, तर भारतीय पासपोर्ट असूनही ज्युरीचं पत्र येऊ शकतं. अमेरिकेत मात्र नागरिक असावं लागतं.

ज्युरीला मराठीत रुळलेला शब्द नाही. ‘पंच’ म्हणावं तर पंचनाम्याचे पंच हे साक्षीदार असतात, निकाल देणारे नव्हेत. मुंबईत 1959 मध्ये नानावटी खटल्यात ज्युरीनं 8 विरुद्ध 1 मतांनी ‘नॉट गिल्टी’ म्हटलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, आणि उच्च न्यायालयानं नंतर नानावटींना दोषी ठरवलं. पुढे भारतातल्या फौजदारी खटल्यांतून ज्युरी गेलीच. म्हणून आपल्या आईवडिलांच्या पिढीला ती फक्त सिनेमातून ठाऊक आहे.

आणि शेवटचं. घरात इंग्रजी सगळ्यात चांगलं कोणाचं? बहुतेक तुमचंच. म्हणून आजी, काका किंवा नवी आलेली वहिनी पोलीस ठाण्यात असेल, तर फोन तुम्हालाच येणार: “तूच सांग ना त्यांना.” तिथे जा, शेजारी बसा, धीर द्या. पण दुभाषी होऊ नका. वर पाहिलंत, ‘कॉशन’चं ‘समज’ केलं तर एक कबुली वाक्यातून गळून जाते, आणि तुमच्या शब्दांवर त्यांची सही होते. इंग्लंडमध्ये अटकेतल्या माणसाला ठाण्यात आणि आरोपीला न्यायालयात दुभाषी मोफत मिळण्याचा हक्क आहे. अमेरिकेतही केंद्रीय न्यायालयांसाठी 1978 पासून दुभाषांचा कायदा आहे. मागताना भाषेचं नाव स्पष्ट सांगा: मराठी. ‘इंडियन’ म्हटलंत तर हिंदी बोलणारा समोर येऊ शकतो, आणि आजी त्यालाही भिडेखातर हो-हो म्हणेल.

तेवढं एक वाक्य आजीला आजच शिकवून ठेवा, इंग्रजीत आणि पाठ: “आय नीड अ मराठी इंटरप्रिटर.”